एकास एकोणीस

आधी मळ, मग औषध.
मिरजेच्या नर्सिंग शाळेत सिस्टर दानियल
टेबलावर फूटपट्टी आपटून शिकवायच्या:
घाणीवर ब्लीच ओतलंस तर ब्लीच घाणीशीच भांडत बसतं, बये,
जंतू बाजूला बसून मजा बघतात.

म्हणून आधी जुन्या टूथब्रशनं
काचेच्या कोपऱ्यांतलं शेवाळ,
नळीच्या आतला बुळबुळीत थर,
फिल्टरच्या पंख्याला गुंडाळलेलं कसलंकसलं.
मग बादलीत एक पेला ब्लीच, एकोणीस पेले पाणी.
दहा मिनिटं. घड्याळ लावून.

मंगाफ. ऑगस्ट. सकाळचे साडेसहा आणि आत्ताच चाळीस.
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला चहासारखं येतं.
उन्हाळ्यात आम्ही गिझर बंद ठेवतो
आणि त्याच्या पोटातलं पाणी गार म्हणून वापरतो.
मिरजेत सांगितलं तर खोटं वाटतं.
तेही पाणी समुद्राचंच,
मीठ काढून पाइपातून पाठवलेलं,
आणि परवा मी त्यातच चमच्यानं मीठ घालत होते
मासे वाचावेत म्हणून.

वाचले नाहीत.
चार दिवसांत अकरा.
आधी तोंडाशी पांढरं, कापसाचा बोळा चिकटावा तसं,
मग कल्ले, मग पाठीवर फिकट खोगीर.
शेवटचा तो वाकड्या शेपटीचा,
ज्याला योएल 'वकीलसाहेब' म्हणायचा,
फिल्टरच्या जाळीला टेकून राहिला.
रात्रपाळीहून आले तरी तसाच. टेकलेला.

रोग मी आणला.
दिवसाला दोनशे ट्रे वाफेतून काढते मी,
पट्टीवर काळ्या रेघा उमटल्याशिवाय
एक चिमटा ऑपरेशनला सोडत नाही,
आणि शुक्रवारच्या बाजारात
प्लास्टिकच्या पिशवीत एक निळा दिसला,
दुकानदार म्हणाला, सिस्टर, दीड दिनार, शेवटचाच आहे.
योएल पुण्याला गेल्यापासून टाकी इतकी मोठी वाटत होती
की घरी येऊन पिशवी सरळ आत उलटी केली.
वेगळं ठेवायचे चौदा दिवस असतात.
मी पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

काच टिकते. नळी, थर्मामीटर, चिमटा टिकतो.
सच्छिद्र ते टाकायचं.
स्पंज, वाळू,
आणि ते लाकूड,
अबू हलीफाच्या किनाऱ्यावरून बापलेकानं खांद्यावरून आणलेलं,
मीठ सुटेपर्यंत माझ्या कुकरमध्ये तुकड्यातुकड्यानं उकळलेलं.
लाकूड आत धरून ठेवतं.
काळ्या पिशवीत घातलं,
जिन्यापर्यंत नेलं, परत आणलं,
परत नेलं.

जाळीच्या एका कोपऱ्याला दातांच्या दोऱ्याचे टाके आहेत, त्याचे.
मी जन्मभर टाके बघितले, हे नापास.
जाळी दहाऐवजी वीस मिनिटं ठेवली.
टाकली नाही.

फोन वाजला तेव्हा हात कोपरापर्यंत ओले.
"आई, पांढऱ्या शर्टावर लोणचं सांडलंय, ब्लीच किती घालू?"
म्हटलं, आधी साबणानं धू.
मग एकास एकोणीस.
त्यात दुसरं काही मिसळायचं नाही, खिडकी उघडी ठेव,
वास जाईपर्यंत खळबळ, आणि कडक उन्हात टाक.
"इथं कुठलं ऊन!" म्हणाला.
मासे कसे आहेत ते त्यानं विचारलं नाही.
मला विचारायला नको होतं, आणि हवंही होतं.

बाल्कनीत सगळं मांडलंय.
पालथी टाकी, नळ्या, फिल्टरचे सुटे भाग,
हात लावला तर चटका.
जाळी हुंगून बघितली. थोडा वास आहे अजून.

न्हाणीघरात पिवळ्या बादलीत
एक कुहली, गांडुळासारखी, पट्ट्यापट्ट्यांची,
एवढीच उरली.
बरी झालीय की नुसती वाहक आहे, बघून कळत नाही.
चौदा दिवस.
आज तिसरा.
बादलीपाशी जाण्याआधी मी हात धुते,
आणि आल्यावर.